विज्ञान आवडतं म्हणतोस? मार्क दाखव!

दरवर्षी दहावीचा निकाल लागला की वस्तीत एक जमात उगवते. हातात पेपर, तोंडात एकच वाक्य : "ह्या पोरांना विज्ञानाची गोडीच नाही हो." मुख्याध्यापक हेच म्हणतात, क्लासवाले हेच म्हणतात, पेपरातले अग्रलेखवाले हेच म्हणतात. आता आपल्यातले, चार बुकं शिकून कॉलनीत फ्लॅट घेतलेले साहेबही हेच म्हणायला लागलेत. गोडी नाही म्हणून मार्क नाहीत. मार्क नाहीत म्हणून सायन्स नाही. सायन्स नाही म्हणून जा गोदीत, जा नाक्यावर, मार डिलिव्हरीची पिशवी पाठीवर. हिशेब खलास.

ह्या अंकाचं संपादकीय मी ह्या एका वाक्यावर खर्च करणार आहे. कविता पुढच्या पानांवर आहेत, त्या तुम्ही वाचालच. मी दहावी पास. पुढं गेलो नाही. गोदीत ठेकेदाराच्या टोळीत लोखंड उतरवतो. तुला विज्ञानावर बोलायचा अधिकार काय, असं कुणी विचारलंच तर सांगतो : हे वाक्य माझ्याबद्दल बोललं जातं, तेव्हा त्याची झडती घ्यायचा पहिला हक्क माझाच.

आधी गोडीवाल्यांच्या बाजूनं जे खरं आहे ते सांगून टाकू. खोटं बोलून लढाई जिंकायची नाही. श्रीमंत देशांच्या एका संघटनेमार्फत 'पिसा' नावाची परीक्षा होते. पंधरा वर्षांची पोरं, पुष्कळ देश. २००६ आणि २०१५ च्या फेऱ्यांत मुख्य विषय विज्ञान होता. पोरांना नुसता पेपर देत नाहीत, विज्ञान शिकताना मजा येते का, तुला हे जमेल असं वाटतं का, असंही विचारतात. एकेक देश सुटा धरला तर जवळजवळ सगळीकडं एकच दिसतं : ज्याला आवडतं त्याला मार्क जास्त. म्हणजे गोडीवाल्यांचं बरोबर? थांबा.

त्याच कागदाची दुसरी घडी उलगडा. देशांशेजारी देश ठेवून बघा. जपान आणि कोरियाची पोरं असल्या आंतरराष्ट्रीय परीक्षांत वर्षानुवर्षं वरच्या नंबरात, आणि विज्ञान आवडतं का म्हणून विचारलं की तीच पोरं तळाशी. ऑस्लो विद्यापीठाच्या स्वाइन शोबर्ग ह्या प्राध्यापकानं आणि त्याच्या साथीदारांनी २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सुमारे चाळीस देशांतल्या पंधरा वर्षांच्या पोरांना विचारलं. त्या पाहणीचं नाव 'रोज'. तिच्यात परीक्षा नव्हती, फक्त प्रश्न : शाळेतलं विज्ञान आवडतं का, पुढं शास्त्रज्ञ व्हावंसं वाटतं का. निघालं काय? देश जितका सुखवस्तू तितकी आवड कमी. नॉर्वे, डेन्मार्क, इंग्लंड, जपान खाली. युगांडा, घाना, बांगलादेश वर. आणि आपल्या देशातली पोरंही त्या वरच्या टोकाकडंच.

आता मार्कांचं बघा. २००९ च्या पिसात भारतातून तामिळनाडू आणि हिमाचल प्रदेश बसले, ते अगदी तळाला गेले. पुढच्या, २०१२ च्या फेरीत भारत उतरलाच नाही. आरसा वाईट दिसला, आरसा भिंतीकडं फिरवला.

कुणी म्हणेल, गरीब देशातलं पोर शाळेत जायला मिळालं ह्याच आनंदात असतं, प्रत्येक प्रश्नाला "हो आवडतं" म्हणतं. असेल. थोडंफार तसं असेलच. पण ज्याला शाळा चैन वाटते त्याची भूक खोटी कशी म्हणायची? उपाशी माणसानं भाकरी आवडते म्हटलं तर त्याची साक्ष बाद करता का? तर मुद्दा असा : गोडीनं मार्क येतात हे एका वर्गात, एका शाळेत, बाकी सगळं सारखं असताना खरं. जिथं बाकी काहीच सारखं नाही तिथं गोडी वर आणि मार्क खाली असं होऊ शकतं, होतं. मग पोराची गोडी मोजत बसण्यापेक्षा, गोडी आणि मार्क ह्यांच्या मधे काय उभं आहे ते बघायला नको?

मधे काय उभं आहे ते मी गोदीतून सांगतो. मला तिथलंच जास्त माहीत आहे.

लोखंड दोन पायांच्या स्लिंगनं उचलतात. वर एक हूक, खाली दोरखंडाचे दोन पाय, दोन टोकांना माल. स्लिंग आखूड पडली की पाय फाकतात. पाय जितके फाकतील तितका दोरावरचा ताण वाढतो. माल तेवढाच, वजन तेवढंच, तरी ताण वाढतो. आमच्या टोळीतला जुना माणूस, सही करताना अजून अंगठा धरतो, तो नव्या पोराला हे आधी हातानं दाखवतो : दोन पोरं समोरासमोर उभी करतो, मधे बादली द्यायची, मग म्हणतो आता लांब लांब सरका. बादली तीच, पण खांदे निखळायला येतात. दोन पायांमधला कोन १२० अंश झाला की प्रत्येक पायावर अख्ख्या मालाएवढा ताण येतो. हे अकरावीच्या भौतिकशास्त्रात आहे, सदिश म्हणतात त्याला. म्हाताऱ्याला सदिश शब्द ठाऊक नाही. त्याला एवढं ठाऊक आहे की "हाबेस" म्हणायच्या आधी कोन बघायचा, आणि चुकीचा दिसला की "आरिया" म्हणून माल खाली घ्यायचा. त्याच्या ह्या बघण्यावर आमची डोकी शाबूत आहेत. त्याला विज्ञानाची गोडी नाही म्हणता?

दुसरं. बोटीच्या पोटात भंगार लोखंड असतं, कोळसा असतो, लाकडाचे ओंडके असतात. झाकण दिवसेंदिवस बंद. लोखंडाला गंज चढतो तेव्हा तो हवेतला ऑक्सिजन खातो. कोळसाही खातो, ओलं लाकूडही खातं. बाहेर हवेत ऑक्सिजन २१ टक्के. आत तो दहाच्या खाली गेला की माणूस शिडी उतरतो आणि शुद्ध हरपून पडतो. धूर नाही, वास नाही, खोकला नाही. वरचा साथीदार बघतो, अरे हा पडला, म्हणून धावत उतरतो. तोही पडतो. जगभरच्या बंदरांत असे जोडीजोडीनं, तिघातिघांनी लोक मेलेत, म्हणून आत जायच्या आधी हवा मोजा, वारा खेळवा, असे आंतरराष्ट्रीय नियम झाले.

आणि आपलं पोर परीक्षेत हे कसं लिहितं? "क्षरण म्हणजे काय? उदाहरण द्या." उत्तर : क्षरण म्हणजे धातूचा ऱ्हास. उदाहरण : लोखंडी खिळ्याला गंज चढणे. मार्क मिळाला. ज्याचा बाप त्या बोटीत उतरतो त्या पोरालाही कुणी सांगत नाही की हा खिळा आणि तुझ्या बापाचा श्वास ह्यांचा संबंध आहे. सांगितलं असतं तर? तर त्या पोरानं तो धडा जन्मात विसरला नसता. पाठ करायची गरजच पडली नसती.

पण नाही. खिळा पुस्तकात राहिला, बाप बोटीत राहिला, आणि मधे शब्दांची भिंत. अभिक्रियाकारके. उत्पादिते. विद्युत अपघटन. प्रकाशसंश्लेषण. ही मराठी कुणाची? माझ्या आईनं आयुष्यात कधी न उच्चारलेली मराठी. मी म्हणत नाही की शास्त्रात नेमके शब्द नकोत. स्लिंगला स्लिंग, हाबेसला हाबेस म्हणावंच लागतं, नाहीतर माणूस मरतो. पण आमच्याकडं वस्तू आधी हातात येते, शब्द मागनं येतो. शाळेत शब्द आधी येतो, वस्तू येतच नाही. वरच्या आळीतल्या पोराला निदान घरी कुणीतरी फोड करून सांगणारा असतो. आपल्या पोराला शब्द गिळायचा आणि परीक्षेत ओकायचा. मग जो नीट ओकतो त्याला गोडी आहे, असा शिक्का.

हे मी कवितेतलं बोलत नाही, कुणीतरी हे तपासून बघितलंय, आणि आपल्याच मुंबईत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र काढलं. आज त्याची इमारत मानखुर्दला आहे, बाजूला वस्त्याच वस्त्या. तिथल्या व. गो. कुळकर्णी आणि आगरकर ह्यांनी १९८० च्या सुमारास मुंबई महापालिकेच्या शाळांतली अनुसूचित जातींची पोरं घेऊन काम केलं. पोरांत अक्कल कमी आहे का, हे त्यांनी आधीच गृहीत धरलं नाही, ही पहिली मोठी गोष्ट. त्यांना दिसलं की पोरं अडतात भाषेत, आणि अडतात प्रश्न विचारण्यात. हात वर करत नाहीत. कळलं नाही म्हणत नाहीत. भाषेवर काम केलं, बोलतं केलं, प्रश्न विचारायला लावलं, हातानं करून बघायला दिलं. त्याच पोरांचे दहावीचे निकाल सुधारले. पोरं तीच, घरं तीच, बाप तोच. बदललं ते शिकवणं.

प्रश्न विचारायला पोरगं का कचरतं? लाजाळू म्हणून? साला, गल्लीत हेच पोरगं पोलिसाशी हुज्जत घालतं! वर्गात गप्प बसतं, कारण वर्गात त्याचं आडनाव त्याच्याआधी पोचलेलं असतं.

कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे ह्या दोन अर्थशास्त्रज्ञ बायांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत एक प्रयोग केला, २००६ साली तो छापून आला. सहावी-सातवीतली पोरं. कागदावर चक्रव्यूह, त्यातून वाट काढायची, जितकी कोडी सुटतील तितके पैसे. जात कुणी काढली नाही तेव्हा दलित पोरं आणि सवर्ण पोरं सारखीच. मग दुसऱ्या गटात आधी मोठ्यानं वाचून दाखवलं : नाव, बापाचं नाव, गाव, जात. बस्स, एवढंच केलं. दलित पोरांची सुटलेली कोडी सुमारे पाचव्या हिश्श्यानं घटली. डोकं तेच, पेन्सिल तीच, चक्रव्यूह तोच. एक शब्द उच्चारला आणि हात जड झाला.

आपल्या शाळांत तो शब्द रोज उच्चारला जातो. स्कॉलरशिपवाले उभे राहा. फॉर्मवाले ऑफिसात या. आणि मग म्हणायचं, पोराला विज्ञानाबद्दल आत्मविश्वास नाही. ऑस्ट्रेलियातल्या हर्बर्ट मार्श ह्या मानसशास्त्रज्ञानं वर्षानुवर्षं पोरांच्या मागं लागून दाखवलंय की मला जमतं असं वाटण्यानं मार्क वाढतात आणि मार्क वाढण्यानं मला जमतं असं वाटतं. दोन्ही एकमेकांना ओढतात. म्हणजे हे चाक सुलटंही फिरतं आणि उलटंही. पहिल्या चाचणीत पाच मार्क, सगळ्या वर्गासमोर पेपर वाचून दाखवला, दुसऱ्या चाचणीत चार, मग सहामाहीत पोरगं त्या तासाला खिडकीबाहेर बघतं. त्या वेळी त्याची पाहणी केली तर उत्तर येणारच : विज्ञान आवडत नाही. ही गोडी जन्मापासून नव्हती की तिचा खून झाला? खुनाची चौकशी कोण करणार?

प्रॅक्टिकलचं तर विचारूच नका. आपल्या बोर्डात दहावीच्या विज्ञानाचे दोन पेपर, चाळीस-चाळीस मार्कांचे, आणि वीस मार्क प्रॅक्टिकलचे, ते शाळेनंच द्यायचे. मी शिकलो त्या शाळेत प्रयोगशाळेला कुलूप होतं. कुलपामागं सांगाडा होता म्हणे, आम्ही तो खिडकीच्या फटीतून बघितला. जर्नल मात्र सगळ्यांचं पूर्ण. एका हुशार पोरीचं जर्नल घ्यायचं, उतरवायचं, आकृत्या कंपासनं काढायच्या, निरीक्षण : वायू बाहेर पडतो. निष्कर्ष : हायड्रोजन वायू तयार होतो. आम्ही कुणीच तो वायू बघितला नाही, त्याचा तो फट्कन होणारा आवाज ऐकला नाही. असं सगळ्या वर्गाला खोटं लिहायला शिकवायचं आणि त्याचं नाव विज्ञान! प्रयोग न करता निष्कर्ष लिहिणं ह्यालाच तर आपण अंधश्रद्धा म्हणतो ना?

आणि परीक्षा मोजते तरी काय? तामिळनाडूतली अरियलूर जिल्ह्यातली अनिता. बाप तिरुचीच्या बाजारात ओझी उचलणारा हमाल, म्हणजे आपलाच धंदाबंधू. पोरगी बारावीला राज्याच्या बोर्डात १२०० पैकी ११७६. त्याच २०१७ साली नीट परीक्षेत ७२० पैकी ८६. पोरगी एकच, विज्ञान एकच, मधे काही महिने. पहिल्या परीक्षेत गोडी होती आणि दुसऱ्या परीक्षेत उडून गेली काय? पहिली परीक्षा सरकारी पुस्तकावर होती, दुसरीला लाखभर रुपयांचा क्लास लागतो. ती सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. ऑगस्टमध्ये कोर्टानं नीटप्रमाणंच प्रवेश द्या म्हटलं. १ सप्टेंबर २०१७ ला तिनं जीव दिला. सतरा वर्षांची होती. दोस्तहो, मी तिच्यावर कविता लिहिली नाही आणि लिहिणार नाही. तिला कविता नको होती, डॉक्टरकी हवी होती. आणि ह्या अंकाच्या वाचकांत जी पोरगी आता नीटच्या रांगेत आहे तिला सांगतो, तो आकडा तुझ्याबद्दल काही सांगत नाही, तू जिवंत राहा, आपल्याला तू हवी आहेस, नापास असलीस तरी.

आता उलटी बाजू. ज्यांना मार्क आहेत त्यांच्याकडं वैज्ञानिक दृष्टी आहे काय? घटनेच्या कलम ५१ अ मध्ये, १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीनं, वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य म्हणून लिहिलंय. ह्या कर्तव्याचा पेपर कुणी काढतो का? नव्वद टक्केवाला इंजिनिअर नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतो. फर्स्ट क्लासवाला डॉक्टर मुहूर्त बघून सिझर करतो. आणि २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉक्टर दाभोलकरांना गोळ्या घातल्या, ते हेच तर सांगत होते की तपासून बघा. मार्क म्हणजे दृष्टी नव्हे. आणि दृष्टी असून मार्क नाहीत अशी माणसं ह्या शहरात बोटी रिकाम्या करतात, लिफ्ट दुरुस्त करतात, जळालेली मोटर वासावरनं ओळखतात.

पण तेवढ्यावर खूष होऊन बसायचं नाही. ही आपल्यातली जुनी खोड आहे. मार्क नकोत, डिग्री नको, आमचं अनुभवाचं विद्यापीठ, असली भाषा टाळ्या घेते. साफ सांगतो, ही पळवाट आहे. म्हाताऱ्याला कोन दिसतो, पण क्रेन किती टनाची ठेवायची हे वर ऑफिसात ठरतं, आणि तिथं बसायला कागद लागतो. बोटीतली हवा मोजायचं यंत्र आणा, असं म्हाताऱ्यानं सांगितलं तर हसतात, सेफ्टी ऑफिसरनं लिहून दिलं तर आणावं लागतं. म्हणून कागद हवाच. बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं त्याचं नाव आर्ट्स अँड सायन्स आहे. त्या दुसऱ्या शब्दाचं आपण काय केलं? जयंतीला डीजेची वर्गणी दोन दिवसांत जमते. वस्तीच्या अभ्यासिकेला एक सूक्ष्मदर्शक घ्यायचा म्हटलं की मंडळाची बैठक तहकूब. कमानी झाल्या, पुतळे झाले, नगरसेवकाच्या नावाची पाटी झाली. प्रयोगाचं टेबल कुठाय?

आणि नेमक्या ह्याच वेळी सरकार दयाळू झालंय. ऑक्टोबर २०२४ मध्ये बातमी आली : राज्याच्या नव्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यात दहावीला गणित आणि विज्ञानात पस्तीसच्या जागी वीस मार्क मिळाले तरी पोराला पुढं जाता येईल अशी तरतूद, पण गुणपत्रिकेवर शेरा पडणार की ह्याला पुढं गणित-विज्ञानाचं शिक्षण घेता येणार नाही. सरकारी बाजू अशी की दोन विषयांपायी पोरं कायमची शाळेबाहेर जातात. ह्यात तथ्य आहे. मी स्वतः अशी पोरं रोज गोदीच्या गेटवर बघतो, सगळ्यांत राहिले नाहीत, दोनातच राहिले, आणि आयुष्यभर "नॉनमॅट्रिक" हेच नाव झालं. म्हणून वीसला पास करा, जरूर करा, माझा विरोध नाही. विरोध आहे शेऱ्याला.

शेरा कशासाठी? पंधराव्या-सोळाव्या वर्षी, कुलूपबंद प्रयोगशाळेच्या शाळेत, उतरवलेल्या जर्नलवर, गिळलेल्या शब्दांवर मिळालेला आकडा घ्यायचा आणि कपाळावर लिहायचं की ह्याला ज्ञानाचा हा दरवाजा बंद! हे आम्ही आधी कुठंतरी ऐकलंय. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिलं नाही, फारशी घ्यायला लावली. त्या वेळी कारण जात होतं, आता कारण मार्क असेल, आणि मार्कांच्या मागं कोण उभं आहे ते वर सांगितलंच. नापासाला निदान पुन्हा बसता येतं. शेरेवाल्याला तर पास केलंय, तो कुणाशी भांडणार? शेरा कुणाच्या कागदावर पडेल ते सांगायला ज्योतिषी नको. क्लासला जाणाऱ्यांच्या कागदावर नाही पडणार.

कुणी म्हणेल, मग तुमचं म्हणणं काय, परीक्षाच नको? नाही. परीक्षा वेगळी असू शकते, झालेली आहे. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचं मित्र मंडळ केंद्र ह्या दोन संस्थांनी सोळा माध्यमिक शाळांत विज्ञान शिकवायची वेगळी तऱ्हा सुरू केली. सहावी ते आठवीची खेड्यातली पोरं, स्वस्तातलं सामान, चार-चार जणांच्या टोळ्या करून स्वतः प्रयोग. १९७८ ला ती जिल्ह्यातल्या सगळ्या माध्यमिक शाळांत गेली, १९८२ पासून 'एकलव्य' संस्थेनं सांभाळली. आणि परीक्षा? पुस्तक उघडं ठेवून! 'बाल वैज्ञानिक' हे पुस्तक आणि स्वतःची वही घेऊन पोरगं पेपरला बसायचं, वर प्रयोगाची परीक्षा वेगळी. पाठांतराला भाव नाही. बघ, मोज, विचार कर, लिही. म्हणजे आवड एकीकडं आणि मार्क दुसरीकडं असा घटस्फोटच उरला नाही, ज्या गोष्टीत मजा येते तिचीच परीक्षा.

तीस वर्षं चाललं. २००२ साली सरकारनं बंद केलं. तक्रार काय होती? की ह्या पोरांचे पुढं बोर्डाच्या परीक्षेत मार्क कमी पडतात. संस्थेनं आकडे पुढं केले, शास्त्रज्ञांनी पत्रं लिहिली, उपयोग झाला नाही. म्हणजे पुन्हा तेच. पाठांतराच्या फूटपट्टीनं विचार करणाऱ्याची उंची मोजली आणि कमी भरला म्हणून घरी पाठवला.

त्या होशंगाबादच्या कार्यक्रमात 'सवालीराम' नावाचा एक माणूस होता. म्हणजे नव्हताच, नावच होतं फक्त. पोरांनी त्याला पोस्टकार्डावर प्रश्न लिहायचे आणि त्यांना उत्तरं यायची. आपण हे उचलतोय. पुढच्या अंकापासून शेवटचं पान प्रश्नांचं. जाहिरात आली तरी ते पान विकायचं नाही, हे मंडळींनी ठरवलंय. प्रश्न कुणीही पाठवा, शाळेतलं, शाळेबाहेरचं, नापास, कामावरचं. भाषा तुमची. शुद्धलेखन बघणार नाही. उत्तर ठाऊक नसेल तर ज्याला ठाऊक आहे त्याच्या दारात जाऊन बसू, मानखुर्द काही लांब नाही. आणि ज्याच्याकडं जुनं जर्नल, तराजू, भिंगं, परीक्षानळ्या, स्पिरिटचा दिवा पडून असेल त्यानं अभ्यासिकेत आणून द्या. दर रविवारी सकाळी दहाला आठवी ते दहावीची पोरं जमतील. पहिला प्रयोग गंजाचा : ओल्या लोखंडी किसाची परीक्षानळी पाण्यात उपडी घालून ठेवायची आणि दोन-चार दिवसांत पाणी नळीत किती चढतं ते रोज पट्टीनं मोजायचं. नळीतली हवा किती खाल्ली गेली ते आपोआप दिसेल.

दोन-तीन प्रश्न आत्ताच आलेत. एकानं विचारलंय, लोकलच्या पंख्याखाली उभं राहिलं की हवा तेवढीच गरम असून गार का वाटतं. एकानं विचारलंय, मोबाइलची बॅटरी फुगते तेव्हा आत काय होतं. आणि नववीतली एक पोरगी, जिचे काका गटाराच्या कामावर होते, तिनं वहीच्या पानावर लिहून दिलंय : गटारात उतरलेला माणूस गॅसनं मरतो तो गॅस कुठून येतो, तो आहे हे वरनं कसं ओळखायचं, आणि आमच्या पुस्तकात हा धडा कितवा आहे? पहिल्या दोन्ही भागांचं उत्तर पुढच्या अंकात देतो. तिसरा भाग तिनं शाळेतही विचारला होता. तिला बाकावर उभं केलं.